वॉर्डाचा नकाशा ठरतो तेव्हा सिस्टर कुठे असते? (आरोग्य धोरणात परिचारिकांचा वाटा)

रात्रपाळी (धागाकर्ती)

नमस्कार. मी सोलापुरात अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) आहे. रुग्णालय कोणतं ते विचारू नये, अजून बरीच वर्षं नोकरी करायची आहे.

मध्यंतरी एका वॉर्डाचं नूतनीकरण झालं. फरशी चकाचक, पंखे नवे, भिंतींना फिकट हिरवा रंग. पण नर्सिंग स्टेशन दाराशी, खांबाच्या आड. मागच्या भिंतीकडच्या खाटा तिथून दिसतच नाहीत. नेमके ऑक्सिजनवरचे पेशंट तिथे ठेवतात, कारण पॉइंट तिकडेच काढलेत. बेसिन बाहेर पॅसेजमध्ये, आणि 'हात धुवा'चं पोस्टर मात्र प्रत्येक खाटेच्या डोक्याशी. औषधाची ट्रॉली उंबऱ्यावर अडते. दर फेरीला पुढची चाकं उचलायची, मग अँप्यूल खडखडतात, मग झोपलेले पेशंट उठतात. नकाशा अधिसेविका (मेट्रन) मॅडमनासुद्धा कुणी दाखवला नव्हता. उद्घाटनाला रांगोळी काढायचं काम मात्र आम्हाला होतं.

एका वॉर्डाची ही गत, तर भरतीचे नियम, खाटांमागे माणसं, औषध खरेदी, उष्माघाताची तयारी हे सगळं कसं ठरत असेल? तिथे आपल्याला शिरता येतं का? संप आणि मोर्चा सोडून काही वाट आहे का? 12 मेच्या, परिचारिका दिनाच्या भाषणांतलं ऐकून झालंय. कुणी प्रत्यक्ष काही केलं असेल तर तेवढं सांगा.

शेंगाचटणी

ताई, रांगोळी तरी बरी आलती का? आमच्या मम्मीला ॲडमिट केलतं तवा दिवसरात्र सिस्टरच बघूलालत्या. साहेब सकाळी एकदा यायचे, फाईलवर सही, गेले. ट्रॉलीचं मात्र खरंय, तो आवाज मीपण ऐकलाय. वाचतोय. चालू द्या.

डॉ_निवांत

थोडं उलटं बोलतो, राग नसावा. नकाशा बांधकाम खातं काढतं आणि ते डॉक्टरलाही विचारत नाही. आमचं ऑपरेशन थिएटर बांधलं तेव्हा दार इतकं अरुंद ठेवलं होतं की स्ट्रेचर तिरपं करून आत घ्यावं लागायचं. तेव्हा हा नर्स विरुद्ध डॉक्टर असा प्रश्न नाही. धोरण ठरतं ते पैशावर आणि पैसा मंत्रालयात. वॉर्डात काम करणाऱ्याने आधी वॉर्ड नीट चालवावा.

रात्रपाळी

सर, दार अरुंद होतं हे तुम्ही सांगितल्यावर ते मोठं झालं ना? झालंच असणार. आम्ही सांगितलं तर ती 'स्टाफची तक्रार' होते. फरक एवढाच.

मुरारजीपेठ

मी परिसेविका (वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर) म्हणून निवृत्त झाले. सांगते, थोडं लांबेल.

सोलापुरात अर्धा वॉर्ड तेलुगू आणि कन्नड बोलतो, हे बाहेरून बदलून आलेल्या डॉक्टरांना कळायलाच महिना जातो. पूर्व भागातल्या एक विडी कामगार बाई होत्या, मधुमेहाच्या. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत. इन्सुलिन थंड जागी ठेवा असं डॉक्टरांनी मराठीत सांगितलं, बाईंनी मान हलवली. थोड्याच दिवसांत साखर कुठल्या कुठे जाऊन परत दाखल. बाटली विचारली तर चुलीवरच्या फळीवर, डब्यांच्या मागे ठेवलेली, मुलांचा हात पुरू नये म्हणून. एप्रिल महिना, पत्र्याचं घर. घरात फ्रीज नाही. शेवटी आमच्या एका तेलुगू बोलणाऱ्या मावशींनी त्यांना समजावलं की मोठ्या मडक्यात ओली वाळू घाला, त्यात छोटं मडकं ठेवा, बाटली आत. बाई म्हणाल्या, हे आधी का नाही सांगितलं?

मी चिडले, पण चिडून उपयोग नसतो हे तोवर कळलेलं होतं. दाखल रजिस्टरच्या मार्जिनमध्ये पेन्सिलीने दोन रकाने आखले. घरची भाषा कोणती, आणि परत का आले. माझ्या पाळीत मी भरायची, बाकीच्या दोघींना विनवलं, त्यांनीही भरले. पुरेशी पानं झाल्यावर एक पानी टिपण केलं. त्यात 'आमच्यावर ताण येतो' असं एकही वाक्य नव्हतं. परत आलेल्यांत तेलुगू आणि कन्नड घरांचे किती, त्यांच्या किती खाटा किती दिवस अडल्या, आणि तीन भाषांत चित्रांसह पत्रक छापायला काय लागेल, एवढंच. टिपण अधिसेविकांमार्फत अधीक्षकांकडे. लिपिक म्हणाले, खर्च कुठल्या शीर्षाखाली टाकू? तिथे दोन महिने अडलं. मग रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून होईल असं कळलं, तेव्हा विषय समितीच्या कार्यसूचीवर घ्यायला लावला. कार्यसूचीवर विषय आला की तो इतिवृत्तात येतो, आणि इतिवृत्तात आला की पुढच्या बैठकीत 'काय झालं' हे कुणाला तरी सांगावंच लागतं.

पत्रक निघालं. माझं नाव कुठे नव्हतं, हरकत नाही. रात्रपाळी, तुमच्या वॉर्डाचंही असंच करा. तोंडी सांगू नका.

रात्रपाळी

बाई, वाचून अंगावर काटा आला. लगेच कच्चं टिपण केलंय: "नूतनीकृत वॉर्डात कर्मचाऱ्यांची अतिशय गैरसोय होत असून कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी."

मुरारजीपेठ

'गैरसोय' आणि 'योग्य ती कार्यवाही' दोन्ही खोडा. योग्य ती कार्यवाही म्हणजे फाईल बंद. कुठल्या क्रमांकाच्या खाटा स्टेशनवरून दिसत नाहीत ते लिहा. बेसिनपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहा. महिन्याभरात त्या मागच्या खाटांवरून पेशंट पडला, सलाईन संपून रक्त उलटं चढलं, असं जे घडलं ते तारखेनिशी. आणि शेवटी एकच मागणी. दोन मागितल्या तर स्वस्तातली देतात.

ब्रदर_माढा

माझं मत वेगळं आहे. बाईंबद्दल आदर आहे, पण पत्रक आणि बेसिन यावर समाधान मानलं तर मोठे निर्णय वरच्या पातळीवरच होत राहतील. 2022 च्या मे महिन्यात राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या, कशासाठी? बाह्यस्रोतातून भरती नको म्हणून. भरती कायम की कंत्राटी, हे आरोग्य धोरणच आहे. अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर असलेला माणूस टिपण लिहील का? त्याची पुढची ऑर्डर त्याच साहेबांच्या सहीने निघते.

दुसरं. 2024 च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात तरुण डॉक्टरवर बलात्कार होऊन तिचा खून झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाने आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी राष्ट्रीय कृती दल नेमलं. सदस्यांची नावं काढून वाचा. मोठमोठे डॉक्टर, संस्थांचे संचालक, पदसिद्ध सचिव. परिचारिका एकही नाही. रात्री दोन वाजता वॉर्डात नातेवाईक अंगावर येतात तेव्हा समोर कोण असतं?

डॉ_निवांत

हा मुद्दा मान्य. तिथे नर्स हवी होती.

बाकी हिंसाचाराविरुद्ध आपल्या राज्यात 2010 चा कायदा आहे आणि त्यात परिचारिकाही येतात. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड. पण गुन्हा नोंदवायला नर्स पुढे येते का? डॉक्टरला मारलं की ओपीडी बंद होते. सिस्टरला ढकललं की 'जाऊ द्या हो' म्हणून मिटवतात. कधी आमच्यातलेच मिटवतात, तेही खरं.

कोर्टाशेजारी

वकिलीच्या बाजूने थोडं. या धाग्यावर सगळे एकाच दारावर थापा मारताहेत. दारं बरीच आहेत, काही तर उघडीच आहेत.

आधी भीतीचं. शासकीय परिचारिकेला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 लागू आहेत. राजकीय पक्षाचं काम करता येत नाही, शासनाच्या धोरणावर जाहीर टीका अंगाशी येऊ शकते. 2025 मध्ये समाजमाध्यमांबद्दलही शासनाने कर्मचाऱ्यांना बजावलं आहे. तेव्हा वॉर्डाचा व्हिडिओ काढून टाकू नका, पेशंटचा चेहरा त्यात आला तर दुहेरी अडचण. पण वरिष्ठांमार्फत लेखी सूचना देणं, मान्यताप्राप्त संघटनेमार्फत निवेदन देणं, माहिती अधिकारात कागद मागणं, मसुद्यावर हरकत नोंदवणं, याला कुठेच मनाई नाही. नियमांचा मसुदा राजपत्रात येतो, हरकती आणि सूचना मागवल्या जातात, मुदत असते. केंद्राचं तर 2014 पासून धोरणच आहे की कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवावा. या तीस दिवसांत डॉक्टरांच्या संघटना, औषध कंपन्या, खाजगी रुग्णालयांच्या संघटना पानंच्या पानं पाठवतात. परिचारिकांकडून येतं ते बहुतेक वेळा कायदा झाल्यानंतरचं निषेधपत्र.

2023 चा राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोग कायदा किती जणींनी वाचलाय? आयोगात 29 सदस्य. अध्यक्ष परिचर्येतलाच पदव्युत्तर, किमान वीस वर्षं अनुभवाचा. हे चांगलं. पण 1947 च्या जुन्या कायद्यात प्रत्येक राज्य परिषद आपल्या नोंदणीतली एक परिचारिका निवडून दिल्लीला पाठवायची. आता शोध-निवड समितीच्या शिफारशीवरून केंद्र सरकार नेमणार. निवडून आलेली नर्स मतदारांना बांधील असते, नेमलेली कुणाला असते ते तुम्ही ठरवा. हा बदल होताना सोलापुरातून किती सूचना गेल्या असतील?

शेंगाचटणी

वकीलसाहेब, फी किती झाली ते पण लिहा खाली.

अनामिक_सदस्या

मी खाजगीत आहे. हॉटगी रोड, जुळे सोलापूर, सगळीकडे काम करून झालंय. तुम्ही शासकीय लोक निवेदन तरी देता. आमच्याकडे मूळ प्रमाणपत्रं ऑफिसात जमा असतात. सोडायचं म्हटलं की देत नाहीत. बारा तास ड्युटी, महिन्याचे दोनच ऑफ. धोरण वगैरे ऐकून हसू येतं, सॉरी.

कोर्टाशेजारी

ताई, हसू येणं साहजिक आहे, पण तुमच्यासाठीच एक निकाल झालेला आहे. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या याचिकेवर 29 जानेवारी 2016 ला सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला समिती नेमायला सांगितली. त्या समितीची शिफारस अशी: दोनशेपेक्षा जास्त खाटा असतील तर पगार राज्य शासनाच्या परिचारिकेइतका. शंभर ते दोनशेमध्ये तो शासकीय पगारापेक्षा फार तर दहा टक्के कमी चालेल, पन्नास ते शंभरमध्ये फार तर पंचवीस टक्के. पन्नासच्या आतल्या दवाखान्यातही महिना 20,000 च्या खाली नको. रजा, कामाचे तास, वाहतूक हेसुद्धा शासकीय धर्तीवर. अंमल राज्यांनी करायचा होता.

केरळात नर्सेसनी 2017 आणि 2018 मध्ये रेटा लावला. कामबंद केलं, कोर्टात गेल्या, सरकारला 2018 च्या एप्रिलमध्ये किमान वेतनाची अधिसूचना काढावी लागली. शिफारस तीच, निकाल तोच, देश तोच.

मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवण्याचा अधिकार कुठल्याही मालकाला नाही. वेगळा निरोप पाठवा, पत्राचा मसुदा देतो.

अनामिक_सदस्या

पाठवते. 20,000 हा आकडा आमच्या मॅनेजमेंटला दाखवला तर ते वाचून मला चहा पाजतील आणि दुसऱ्या दिवशी रोस्टरमधून नाव काढतील. पण पाठवते.

पद्मा_अशोकचौक

मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. संख्येचा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून लिहिते, कारण सगळ्यात मोठी फसवणूक तिथे आहे.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष पाठ असतो सगळ्यांना: अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक, साध्या रुग्णालयात पाचांमागे एक, वर तीस टक्के रजा राखीव. ऐकायला छान. पण अध्यापन रुग्णालयातलं तिनास एक हे तिन्ही पाळ्या धरून आहे. एका पाळीत ते नवास एक होतं. त्यातून पदं रिक्त, कुणी प्रसूती रजेवर, कुणी कॅम्पला, कुणी व्हीआयपी ड्युटीला. मग रात्री पूर्ण वॉर्डाला एक सिस्टर आणि एक विद्यार्थिनी. कागदावर निकष, प्रत्यक्षात माझी दुसऱ्या वर्षाची मुलगी.

कॅलिफोर्नियात काय केलं ते मी वर्गात नेहमी सांगते. तिथल्या परिचारिकांच्या संघटनेने 1999 मध्ये कायदाच करून घेतला, 2004 पासून लागू झाला. मेडिकल-सर्जिकल वॉर्डात पुढे पाच रुग्णांमागे एक, आणि हे प्रमाण प्रत्येक क्षणी. नर्स जेवायला गेली तरी तिच्या जागी दुसरी नर्स हवी. मध्येच तिथल्या गव्हर्नरने ते लांबवायचा प्रयत्न केला, तेव्हा नर्सेस त्याच्या सभांबाहेर उभ्या राहिल्या आणि कोर्टातही जिंकल्या. तेव्हा ब्रदर_माढा आणि मुरारजीपेठ बाई, तुमचं भांडण मला पटत नाही. रस्ता आणि रजिस्टर दोन्ही लागतं. रजिस्टरशिवाय रस्त्यावर गेलं तर पगारवाढ मागताय म्हणतात.

माझी खरी तक्रार अभ्यासक्रमाशी आहे. मुलींना बेडमेकिंगचे कोपरे शंभर वेळा करायला लावतो आपण. बैठकीचं इतिवृत्त कसं वाचायचं, अंदाजपत्रकात लेखाशीर्ष म्हणजे काय, शासन निर्णय कुठे सापडतो, हे एकदाही शिकवत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या हातातला दिवा शिकवतो. तिने 1858 मध्ये सैनिकांच्या मृत्यूंचे तक्ते आणि आकृत्या काढून सरकारला हलवलं, ते एका ओळीत उरकतो. भारतात ती कधी आली नाही, तरी इथल्या छावण्यांच्या पाण्याचे आणि गटारांचे आकडे मागवून लिहीत राहिली.

डॉ_निवांत

अभ्यासक्रमाचं पटलं. आमच्याही अभ्यासक्रमात लेखाशीर्ष नव्हतं. मी अधीक्षक झाल्यावर लेखापालाकडून शिकलो, तोही हसत होता.

मुरारजीपेठ

पद्माताई, बेडमेकिंगच्या कोपऱ्यांना नावं ठेवू नका हं. बाकी सगळं मान्य.

ब्रदर_माढा

ग्रामीण भागाचंही लिहितो, नाहीतर चर्चा शहरातच फिरेल. उपकेंद्रात आता समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून आमचे बरेच बीएस्सी नर्सिंगवाले आहेत. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, एएनएम ताई (उपकेंद्राची परिचारिका) तिच्यात सदस्य असतातच. म्हणजे धोरणाच्या टेबलावर बसायला आयती खुर्ची. आणि तिथे काय होतं? सरपंचांच्या घरी रजिस्टर जातं, सह्या होऊन येतं. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा करताना आरोग्यावर किती ठेवायचे हे ग्रामसभेत ठरतं, तिथे एएनएम बोलली तर फरक पडतो. मी एका ठिकाणी पडलेला पाहिलाय. उपकेंद्राला पाणी नव्हतं, बाळंतपणाला घागरीने पाणी आणायच्या. ताईंनी ग्रामसभेत उठून विचारलं, तुमच्या सुनेचं बाळंतपण या पाण्यात करू का? त्या वर्षी पाइप आला. अर्ज आधीही तीनदा दिलेला होता, असं नंतर कळलं.

आषाढीच्या ड्युटीचं तर बोलायलाच नको. पंढरपुरात लाखो वारकरी. 2023 पासून 'आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी' म्हणून शासन मोठं काम करतं, ते चांगलंच आहे. पण तात्पुरत्या केंद्रावर रात्रंदिवस थांबणाऱ्या बायकांसाठी शौचालय कुठे, हा प्रश्न नियोजनाच्या बैठकीत विचारणारं कुणी असतं का? एका वर्षी आमच्या केंद्रावरच्या सिस्टर दिवसभर पाणीच पीत नव्हत्या. बाहेर बोर्ड काय, तर भरपूर पाणी प्या.

रात्रपाळी

दादा, हे माझंही झालंय, दुसऱ्या केंद्रावर. यंदा नियोजनाची बैठक लागायच्या आधीच संघटनेकडून एक पानी पत्र देऊया. केंद्रनिहाय महिला कर्मचारी किती, जवळचं शौचालय किती अंतरावर, रात्री दिवा आहे का. तक्ताच करून द्यायचा, म्हणजे त्यांना फक्त रकाने भरायचे राहतील. गेल्या वेळी कोण कुठे होतं ते इथे लिहा, मी एकत्र करते.

कोर्टाशेजारी

आणखी एक दार दाखवतो, मग थांबतो. विधान परिषदेचा पदवीधर मतदारसंघ. पुणे विभागात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर हे पाच जिल्हे येतात. मागची निवडणूक 2020 च्या डिसेंबरात झाली, मुदत सहा वर्षांची. विधानसभेची यादी इथे चालत नाही. दर निवडणुकीला यादी नव्याने होते, मागच्या वेळी नाव असलं तरी पुन्हा नमुना 18 भरावा लागतो. 1 नोव्हेंबर ही अर्हता तारीख, त्याआधी किमान तीन वर्षं पदवी मिळालेली हवी. बीएस्सी नर्सिंग पदवी आहेच की. शिक्षक आणि वकील गठ्ठ्याने नोंदणी करतात म्हणून उमेदवार त्यांच्या दारात जातात. या पाच जिल्ह्यांतल्या पदवीधर नर्सेस यादीत आल्या तर उमेदवाराला नर्सिंगचा प्रश्न निदान पाठ तरी करावा लागेल. मतदान करणं वर्तणूक नियमांत बसतं, प्रचार बसत नाही, एवढं लक्षात ठेवा.

अनामिक_सदस्या

मी जीएनएम आहे. डिप्लोमा. म्हणजे इथेही मी बाहेर?

कोर्टाशेजारी

नुसत्या जीएनएमवर पदवीधर म्हणून नोंदणी धरणं अवघड. पोस्ट बेसिक बीएस्सी केलं असेल तर ती पदवी आहे, पण तीन वर्षांची अट तिच्या निकालापासून मोजायची.

अनामिक_सदस्या

वॉर्डात सगळ्यात जास्त आम्हीच, आणि मतदारयादीत बीएस्सीवाल्या. छान. पोस्ट बेसिक करायचं तर खाजगीत दोन वर्षं रजा कोण देतं?

पद्मा_अशोकचौक

हा प्रश्न बरोबर आहे आणि त्यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही. जीएनएम झालेल्यांना नोकरी न सोडता पदवीपर्यंत जाता यावं, ही मागणी लेखी जायला हवी. मसुदा मी करते. ताई, तुमच्यासारख्या ज्यांना रजा नाकारली गेली त्यांनी मला वेगळ्या निरोपात कळवा. नाव, दवाखाना काही नको. किती खाटांचा, ड्युटी किती तासांची आणि रजा नाकारताना कारण काय दिलं, एवढंच.

शेंगाचटणी

आमच्या बिल्डिंगमधल्या दोघी सिस्टर जीएनएम हायत. त्यांना लिंक पाठवलो. एकीची नाईट चालूय, उद्या लिहील म्हणाली.